स्पीकर मेला नाही, मेकॅनिक आळशी आहे

गाडीतला स्पीकर मधूनच गप्प होतो आणि मधूनच बोलायला लागतो, याचा अर्थ तो जिवंत आहे. मेलेला पुन्हा बोलत नाही. हे कळायला पदवी लागते का? तरी कुठल्याही कार डेकोरच्या दुकानासमोर गाडी उभी करा आणि म्हणा, "भाऊ, आवाज जातोय-येतोय." तो आत डोकावतो, दाराच्या जाळीवर एक थाप मारतो आणि निकाल देतो, "स्पीकर गेला, दादा. नवीन टाकून घ्या." मीटर नाही, पाना नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. थाप बसल्याबरोबर स्पीकर वाजायला लागलेला असतो आणि तो आवाज त्याच्याही कानावर पडलेला असतो. पुरावा हाताखाली आणि निकाल पुराव्याच्या बरोब्बर उलट! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या निकालाची मला मनापासून चीड आहे, कारण त्याचे पैसे आमच्यासारखी तालुक्याची माणसं भरतात. मी कन्नडमधून लिहितोय. सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या गावावरून जातो, पण गाडी काही सगळा जन्म महामार्गावर काढत नाही. ती पिशोरला जाते, नागदला जाते, चापानेर आणि देवगाव रंगारीच्या बाजूला शेतात शिरते, मका, कापूस, आल्याची पोती वाहते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात गौताळ्याच्या डोंगराकडची ओल आठवडेच्या आठवडे हटत नाही, आणि बारा महिने धूळ आहेच. चाळीसगावला उतरायचं तर घाट. कागदोपत्री तो औट्रम घाट, लोकांच्या तोंडी कन्नड घाट. तिथल्या कोंडीला कंटाळून २०२३ साली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जड वाहनांना बंदी केली, पण आमच्या जीप आणि पिकअप त्या वळणांवर हादरे खातातच. अशा गाडीतली प्रत्येक जोडणी दिवसभर हलते. जी हलते ती सैल होते. जी सैल होते तिच्यातून करंट कधी जातो, कधी जात नाही. एवढा कार्यकारणभाव शाळकरी पोराला पटतो. दुकानदाराला पटत नाही, कारण जोड विकता येत नाही आणि स्पीकर विकता येतो.

सगळं दुखणं इथे आहे. दोष असतो जोडात, धंदा असतो वस्तूत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

चांगला वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो: कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं? गाडीच्या आवाजाबाबत हाच एक प्रश्न कोणी विचारत नाही. आवाज कधी जातो? या "कधी"मध्ये अर्ध्याहून अधिक निदान असतं. खड्ड्यात गाडी आदळली की जातो, तर कुठेतरी जोड सैल आहे. दार उघडलं-लावलं की जातो किंवा येतो, तर दाराकडे जाणारी वायर तुटलेली आहे. आवाज वाढवला की एकच स्पीकर जातो आणि कमी केला की येतो, तर मात्र स्पीकरच्या पोटात बघायला हवं. बेसच्या ठोक्यासरशी सगळेच स्पीकर एकदम गप्प होतात आणि क्षणात परत येतात, तर अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, पुरेसा करंट मिळत नाही. अर्धा तास छान वाजून सगळं बंद होतं आणि गाडी सावलीत लावून थंड झाली की पुन्हा सुरू होतं, तर अँप तापलेला आहे.

आणि फक्त रेडिओ लावल्यावरच आवाज जातो, पेन ड्राइव्हवर नाही? मग स्पीकरला हातही लावू नका. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. घाटात मधे कडा आला की स्टेशन जाणारच. फार तर एरियलचा मागचा खटका नीट बसलाय का ते बघा. फोनवरचं गाणं तेवढं दर थोड्या वेळाने थांबत असेल तर फोनमधला नकाशा "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" असं सांगायला गाणं दाबतोय, हेही कारण असू शकतं. असल्या तक्रारीवरसुद्धा स्पीकर विकले गेलेले मी पाहिले आहेत. डोंगर आडवा आला म्हणून दाराचा स्पीकर बदलला! अशा माणसाला कारागीर म्हणायचं?

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची पिकअप घ्या. पहाटे आलं भरून संभाजीनगरच्या बाजाराला जाणारी गाडी. चालकाच्या दारातला स्पीकर बोलायचा, बंद पडायचा, पुन्हा बोलायचा. दुकानात नेली, स्पीकर बदलला. आठवडाभर बरं चाललं, मग येरे माझ्या मागल्या. पुन्हा नेली. या वेळी निकाल आला की मशीनच खराब आहे, म्हणजे डॅशबोर्डातला टेप. तोही बदलला. दोन्ही वस्तू नव्या आणि दोष जुनाच! तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "कंपनीची वायरिंगच बेकार आहे, शेठ." दोन निकाल खोटे ठरल्यावरही या गृहस्थाच्या आवाजातला आत्मविश्वास तसूभर हलला नाही.

गाडी माझ्या अंगणात आली तेव्हा मी मालकाला आत बसवलं आणि दार हळूहळू उघडायला लावलं. दार अर्ध्यावर आलं की आवाज गायब, आणखी थोडं उघडलं की हजर. पुढे सांगायला काय उरलं? दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये घड्या घड्यांची रबरी नळी असते. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा त्या वाकतात. नळी खांबाच्या बाजूने सोडवली, वायरी बाहेर ओढल्या. वरून सगळ्या धडधाकट. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बोटांवर ठेवायचा. एकेक वायर चिमटीत धरून अलगद ताणायची. आत तांबं अखंड असेल तर वायर ताणली जात नाही. तुटलं असेल तर नुसतं प्लॅस्टिक उरतं आणि ते चिमटीत लांबतं. एक वायर लांबली. ब्लेडने चिरली तर आत तांब्याचे तंतू काळेहिरवे पडलेले, दोन टोकं एकमेकांपासून अगदी थोडी लांब. दार लावलं की भेटायची, अर्ध्यावर उघडलं की सुटायची. खराब तुकडा कापून वीतभर नवी लवचीक वायर टाकली, दोन्हीकडे सोल्डरचा डाग दिला, वरून स्लीव्ह चढवून तापवली, आणि सोल्डरचा भाग वाकण्याच्या जागेपासून दूर राहील असं बघितलं, कारण सोल्डर कडक असतो आणि वाकल्यावर त्याच्या काठाशीच तार पुन्हा तुटते. खर्च? वीतभर वायर.

आता त्या "गेलेल्या" स्पीकरची कथा ऐका. मालकाने तो परत मागितला नव्हता. असे काढलेले स्पीकर दुकानाच्या वरच्या फळीवर बसतात आणि एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला विकले जातात: "सेकंड हँड आहे, पण एकदम चालू, दादा, वाजवून देतो." आणि तो खरंच वाजवून दाखवतो! त्याच वस्तूला पुढच्या दाराशी मेलेली ठरवायचं आणि मागच्या दाराने ठणठणीत म्हणून विकायचं. याला मी चूक म्हणत नाही. लबाडी म्हणतो.

बरं, स्पीकर खरोखर गेलाय की नाही हे ठरवणं इतकं अवघड आहे का? आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक नावाची जोडी आहे. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, कारण काढलं की कार्यही गेलं पाहिजे. हे जड शास्त्र गाडीत दहा मिनिटांत लावता येतं. डावीकडचा स्पीकर कटत असेल तर तो उजवीकडे बसवा, उजवा डावीकडे. दोष स्पीकरच्या मागे मागे उजवीकडे गेला तर स्पीकर दोषी. दोष डावीकडेच राहिला तर स्पीकर निर्दोष, वायर किंवा मशीन दोषी. मग टेपच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. आता दोष बाजू बदलून उजवीकडे गेला तर मशीन, जागचा हलला नाही तर मधली वायर. झाला निवाडा! बाजारातल्या बहुतेक टेपच्या वायरींना ठरलेले रंग असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार निगेटिव्ह. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची. इतकं सरळ छापून दिलेलं असताना सगळ्या वायरी एकाच रंगाच्या टेपपट्टीत गुंडाळून त्यांचा गुंता करणाऱ्याला मी काय म्हणावं?

त्याहून सोपी परीक्षा घरच्या घड्याळातल्या सेलची. स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. "कट्" असा आवाज आला आणि पडदा हलला, की आतली कॉइल शाबूत. मीटर असेल तर ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण सव्वातीन ते पावणेचार दाखवतो. आकडा उड्या मारत असेल तर जोड आतच तुटतोय. कारण स्पीकर ही काही गूढ वस्तू नाही. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली जी रचना मांडली तीच आजही आपल्या दारात बसलेली आहे: चुंबक, त्याच्या फटीत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला पडदा. पडदा पुढेमागे धावतो म्हणून कॉइलपर्यंत करंट नेणारी तार बारीक विणलेल्या वेणीची असते. हजारो तास नाचून ती वेणी कधी कधी मुळाशी तुटते. तेव्हा स्पीकर हळू आवाजात बोलतो आणि जोरात लावला की अडखळतो. हा खरा स्पीकरचा दोष. तोही निपुण माणूस नवी वेणी झाळून दुरुस्त करतो. कॉइल जळून करपट वास आला, किंवा पडदा बोटांनी समतोल दाबल्यावर आत घासल्याची खरखर आली, तर मग बदला, माझी ना नाही. पण आधी बघा तरी!

आता वळू या वॅटकडे. डोक्यात तिडीक जाते ती तिथे. खोक्यावर छापलेलं असतं "१००० वॅट". विकणारा तो आकडा मंत्रासारखा म्हणतो, घेणारा भक्तिभावाने ऐकतो, आणि दोघांपैकी एकालाही खोकं उलटं करून फ्यूजवरचा आकडा वाचावासा वाटत नाही. गाडी चालू असताना तिचा दाब साधारण १४ व्होल्ट. टेपच्या मागे फ्यूज १० अँपिअरचा. १४ गुणिले १० म्हणजे १४० वॅट. सातत्याने आत जाऊ शकणारी शक्तीच एवढी. त्यातला मोठा वाटा उष्णता होऊन जातो, उरलेली चार स्पीकरमध्ये वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला २० वॅटच्या आसपास येतात. आणि तोंडावर छापलेलं असतं "५० वॅट गुणिले ४". तेच सीटखालच्या अँपचं. अंगावर १००० आणि बुडाला २५ अँपिअरचा फ्यूज. १४ गुणिले २५ किती, हे दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर दाबून बघायला काय हरकत आहे? साडेतीनशे. मग वरचे साडेसहाशे कुठून आले? नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर "पीएमपीओ" लिहून याच थापा विकल्या गेल्या, ज्या मापाची कुठे ठरलेली व्याख्याच नव्हती.

आमच्या घाटाच्या पायथ्याशी, चाळीसगावच्या बाजूला, पाटणादेवी आहे. तिथल्या पाटण गावात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला राजाश्रय आणि दान मिळालं, असं त्यात कोरलंय. त्या आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० सालचा. ज्या डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा गणिताची पाठशाळा चालत होती, त्याच डोंगराच्या माथ्यावर आज १४ गुणिले १० करायला माणूस मिळू नये, याची मला लाज वाटते.

ही वॅटची थाप नुसती फसवणूक करून थांबत नाही. आवाज कटण्याचं ती एक खरं कारण आहे. १००० वॅटवर विश्वास ठेवून पोरगा दोन मोठे वूफर समांतर जोडतो, अँपला ४ ओहमऐवजी २ किंवा त्याहून कमी ओहमचा भार दिसतो, करंट दुप्पट होतो, अँप तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. लाल दिवा लागतो, "प्रोटेक्ट". यंत्र चक्क तोंडाने सांगतंय की मला झेपत नाही. त्यावर दुकानातला उपाय काय? आणखी मोठा अँप!

आणि त्या मोठ्या अँपची अर्थ कुठे मारलेली असते, बघा कधी. सीटच्या जवळ जो स्क्रू सापडेल त्यावर, रंगाच्या वरून. रंग वीज वाहून नेत नाही, हे वेगळं सांगायला हवं का? बॅटरीतून निघालेल्या जाड लाल वायरीचं कौतुक सगळ्यांना, पण जितका करंट लालमधून येतो तितकाच काळीतून परत जातो, याचा विचार कोणालाच नाही. समजा त्या रंगावरच्या जोडात फक्त ०.१ ओहमचा अडथळा आहे. २० अँपिअर करंट ओढला की तिथेच २ व्होल्ट खलास, आणि ४० वॅट उष्णता त्या एका स्क्रूपाशी. सोल्डरिंगचं हत्यार तेवढ्यावर चालतं! पट्टी वितळते, जोड आणखी बिघडतो. इंजिन मंद फिरत असेल, हेडलाइट चालू असेल, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढराहिरवा क्षार चढलेला असेल, तर बेसचा ठोका पडताच अँपच्या तोंडाशी दाब त्याच्या किमान पातळीखाली घसरतो. अँप बंद. बंद पडला की भार गेला, भार गेला की दाब पुन्हा वर चढतो, दाब चढला की अँप चालू, पुढचा ठोका, पुन्हा बंद. लोक याला "स्पीकर कटतोय" म्हणतात. स्पीकरचा यात काडीचाही संबंध नाही. दहाच्या पान्याने तो बोल्ट सोडा, खालचा रंग काचपेपरने घासून लखलखीत धातू काढा, वायरीला थिंबल दाबून बसवा, वॉशर घालून घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. मग अँप वाजत असताना मीटरचं एक टोक अँपच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. तिथे व्होल्टचा अगदी बारीक अंशच दिसला पाहिजे. मोठा आकडा दिसला तर अर्थ अजून खोटी आहे.

जुन्या उस्तादांची एक खोड तर फारच महाग पडते. पूर्वीच्या साध्या कॅसेट टेपमध्ये स्पीकरची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला लावली तरी चालून जायचं. एक वायर वाचायची. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा अँप हाकतो, दोन्हींवर साधारण सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातली एक बॉडीला टेकवणं म्हणजे मशीनचा गळा धरणं. ते सुरू होतं, गुदमरतं, बंद पडतं, पुन्हा प्रयत्न करतं. दाराच्या पत्र्याच्या काठाने वायर घासून तांबं उघडं पडलं, तरी हेच होतं. पण उस्ताद म्हणतो, "आम्ही वीस वर्षं असंच करतोय." वीस वर्षं चूक केली म्हणून ती बरोबर होत नाही, उस्ताद. मशीन बदललं, तुम्ही बदलला नाहीत.

वायरीचंही तेच. "प्युअर कॉपर" म्हणून जाडजूड लाल वायर विकतात, चमकदार, काचेसारख्या पारदर्शक आवरणाची. टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली आणि हाताला हलकी लागली, तर ती ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं. शिवाय स्क्रूखाली ते दबत जातं, आज आवळलेला जोड काही महिन्यांत आपोआप सैल होतो, आणि सारखं हललं की तंतू कटाकट तुटतात. शंका राहिली तर एक बारीक तंतू गॅसच्या ज्योतीत धरा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. तंतूचं पाणी झालं की समजा. ॲल्युमिनियमची म्हणून सांगून, त्याच भावाने, पुरेशी जाड देऊन विकली तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार "प्युअर" या शब्दाशी आहे.

इथपर्यंत प्रश्न पैशांचा होता. फ्यूजपाशी तो जिवाचा होतो. आवाज सारखा जातो कारण फ्यूज सारखा उडतो, म्हणून फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून देणारी माणसं या धंद्यात आहेत. १० चा उडतो म्हणून ३० चा ठोकून देणारी तर पैशाला पासरी. फ्यूज अँपला वाचवायला नसतो. तो वायरीला वाचवायला असतो, आणि वायर तुमच्या सीटखालून, गालिच्याखालून, कधी डिझेलच्या नळीच्या शेजारून जाते. बॅटरीपासून वीत-दोन वितीवर फ्यूज असायलाच हवा, कारण त्याच्या अलीकडे वायर कुठे पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारं कोणी नाही. बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते, आवरण पेटतं. मागे पोरं बसलेली असतात. घाटातल्या वळणावर गाडी बाजूला घ्यायलासुद्धा जागा नसते. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी आगीची तयारी चालू आहे, ती शोधा! तिचा इशारा देणाऱ्याचीच जीभ कापणारा माणूस मेकॅनिक नाही, गुन्हेगार आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हणायला तयार आहे.

मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरची ऐट वेगळी, अक्कल तीच. तिथे टाय लावलेला सल्लागार जॉब कार्ड भरतो आणि सांगतो, "सर, बाहेरून फिटिंग केलंय, वॉरंटी लागू होणार नाही." वायर कापून पीळ मारलेले जोड असतील तर त्याचं म्हणणं खरं आहे, मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण कंपनीचाच टेप, कंपनीचेच स्पीकर असतील तेव्हा? तेव्हा तो म्हणतो, "पूर्ण युनिट बदलावं लागेल." कपलर काढून पिना साफ करून परत दाबून बसवणं, हे त्याच्या पुस्तकात नाही. गल्लीतला पट्टी गुंडाळतो, हा कागद गुंडाळतो. जोड उघडून दोघेही बघत नाहीत.

हे आमच्या जिल्ह्यात व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जात आहेत. कन्नड तालुक्यातली कितीतरी पोरं त्या औद्योगिक वसाहतींमध्ये कामाला जातात. तिथे वायरिंगचा प्रत्येक जोड यंत्राने दाबलेला असतो, कपलरला खटका असतो, जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच असतं. पीळ मारून पट्टी गुंडाळलेला एक जोड त्या कारखान्यातून बाहेर पडणार नाही. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि मोटार मेकॅनिक, दोन्ही दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि मीटर धरायला दोन्हीकडे शिकवतात. म्हणजे ज्ञान आहे, हात आहेत, हत्यारं काही शे रुपयांना मिळतात. बहुतेक मॉडेलचा तयार कपलर मिळतो, एकही वायर न कापता टेप बसवता येतो. मग अडतंय कुठे?

अडतंय ते गल्ल्यावर, आणि इथे गिऱ्हाइकालाही मी सोडणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराने आयटीआय करून स्वतःचं छोटं दुकान टाकलं. मीटर घेऊन बसायचा, अर्धा-पाऊण तास वायर शोधायचा, दोष काढायचा आणि दोनशे रुपये मागायचा. लोक भांडायचे. "काय बदललंस? नुसतं चेक करायचे दोनशे?" तेच लोक शेजारच्या दुकानात तीन हजारांचा अनावश्यक स्पीकर घासाघीस न करता घेऊन जायचे, कारण हातात खोकं मिळायचं. ज्याने तीन हजार वाचवले त्याला दोनशे नाकारायचे आणि ज्याने तीन हजार बुडवले त्याला चहा पाजायचा, ही कुठली व्यवहारबुद्धी? त्या पोराने शेवटी मीटर खणात टाकलं. आता तोही जाळीवर थाप मारतो, तोही म्हणतो, "स्पीकर गेला, दादा." त्याला असं आपण केलं. त्याला मीटर परत बाहेर काढायला लावायचं असेल तर पुढच्या वेळी गाडी त्याच्या दारात उभी करा, जोड शोधायचे दोनशे आधी गल्ल्यावर ठेवा, आणि स्पीकरचं खोकं उघडायच्या आधी त्याला विचारा: "आकडा किती आला?"